रणधवलाचा घास

एका राज्यात राजे मरत नसत, दगड होत.

बारा वर्षं राज्य करायचं. बारावं वर्ष लागलं की पायाच्या बोटांपासून दगड चढायला लागायचा, आधी हळूहळू आणि शेवटी भराभर, आणि वर्ष सरतासरता डोक्यापर्यंत पोचायचा. बाप गेला की मुलगा, मुलगा नसला तर भाऊ, भाऊ नसला तर पुतण्या, कोणीच नसलं तर लेक. तीनशे वर्षांत असे पंचवीस राजे झाले, आणि ते पंचवीसही राजवाड्याच्या मधल्या चौकात ओळीने उभे होते. घराणं मोठं मानी. अकरावं वर्ष संपत आलं की राजे आरशासमोर उभं राहण्याचा सराव करीत, कारण शेवटच्या दिवशी जसे उभे राहाल तसेच कायमचे राहायचे. कोणी तलवारीच्या मुठीवर हात ठेवला, कोणी क्षितिजाकडे नजर लावली. एक बिचारा नेमका शिंकताना सापडला. त्याच्यापुढून जाताना सरदार मान खाली घालत, आणि ते आदरानं घालतात असं समजायची पद्धत होती.

चौकाच्या मध्यभागी एक जातं होतं. राज्याचा कायदा असा, की जो या जात्यावर पहिली मूठ दळील आणि त्या पिठाची भाकर खाईल, तोच राजा. राज्याचा मुकुटही त्या जात्याच्या खुंट्यातच अडकवलेला होता. पण तीनशे वर्षांपूर्वी जातं थांबलं ते थांबलं. चार पैलवानांनी जोर लावला तरी ते तसूभर हललं नाही, आणि मुकुटही निघाला नाही. राजे दळल्यावाचून, मुकुटावाचूनच गादीवर बसू लागले. मग राजपुरोहितांनी ठरवलं, की ज्या अर्थी हे हलत नाही, त्या अर्थी ही देवी आहे. त्यांनी तिला शेंदूर फासला, चांदीचे डोळे बसवले, सकाळ-दुपार-संध्याकाळ नगारे सुरू केले. तीनशे वर्षांचा शेंदूर चढत चढत वीतभर जाड झाला. हे दळायचं यंत्र आहे, एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात राहिली नाही.

पंचवीस झाले, सव्विसावा कीर्तिसेन. माघ महिन्यात त्याच्या गुडघ्यांपर्यंत दगड चढला होता आणि चैत्राच्या पाडव्याला त्याची बारा वर्षं भरणार होती. त्याला एकच लेक, वज्रलेखा. तिची आई तिच्या लहानपणीच गेली होती. बापानेच तिची वेणी घातली, बापानेच तिला घोड्यावर बसवलं, आणि पडली तेव्हा "राजाच्या लेकी रडत नाहीत" असं सांगून स्वतःच डोळे पुसले. वज्रलेखेचं त्याच्यावर जगावेगळं प्रेम होतं. आपल्याला गादी मिळेल की आपणही दगड होऊ, याचा विचार तिने कधी केला नाही. तिला फक्त तिचे बाबामहाराज चालताना हवे होते.

एका दुपारी नगारे वाजवणारे जेवायला गेले होते. चौक शांत होता. राजाचा डोळा लागला होता, आणि वज्रलेखा त्याच्या गार गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. एवढ्यात शिंकणाऱ्या राजाच्या नाकावर एक साळुंकी येऊन बसली.

"जातं ज्याने थांबवलं, तोच ते सोडवील," साळुंकी म्हणाली.

"त्याला तर तीनशे वर्षं झाली."

"झाली. पण तो आहे."

"जिवंत?"

"जिवंत. फक्त तो जेवत नाही. जो जेवत नाही त्याला शोध."

"हे तू आजवर कोणाला का सांगितलं नाहीस?"

"माझ्या आईने सांगितलं, आजीने सांगितलं, पणजीने सांगितलं. खाली नगारे वाजत होते." साळुंकीने पंख झटकले. "शिवाय राजे लोक पाखराला कधी विचारतात?"

वज्रलेखा उठली. तिने रेशीम उतरवलं, जाडंभरडं लुगडं नेसली आणि बापाच्या पायांना हात लावला. "पाडव्याच्या आत येते," ती म्हणाली. राजाने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि फक्त "ताठ जा" एवढंच म्हटलं.

न जेवणारी माणसं शोधू गेलं तर पुष्कळ सापडतात. पहिला एक साधू. बारा वर्षं वाऱ्यावर जगतो अशी त्याची ख्याती होती. वज्रलेखेने अर्धा दिवस वाट पाहिली, तेव्हा तो वडामागे केळी खाताना सापडला. दुसरा एक पैलवान. बायकोशी भांडून त्याने अन्न सोडलं होतं, आणि तेही जन्मभरासाठी. संध्याकाळी बायकोने वांग्याची भाजी फोडणीला घातली, तिथे त्याचा जन्म संपला. असे पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी ती एका खेड्यात पोचली. चावडीपुढे बायकांनी आपापली जाती बाहेर काढून ठेवली होती, आणि त्यांच्यामध्ये एक म्हातारा टाकारी बसला होता. जात्याचे दगड दळून दळून गुळगुळीत झाले, की छिन्नीने ते पुन्हा खरखरीत करायचे, त्याला टाकी लावणं म्हणतात. म्हाताऱ्याचा हात असा चालत होता की एक घाव वाया जात नव्हता. पाठ मात्र ताठ. टाकाऱ्याची पाठ वाकलेली असते, याची नव्हती. काम झालं की बाई त्याच्या झोळीत ओंजळभर पीठ घालायची. तो ते घेऊन बांधाकडे जायचा, मुंग्यांच्या वारुळापाशी रिकामं करायचा आणि परत येऊन दुसरं जातं पुढे ओढायचा.

"हे कोण?" वज्रलेखेने एका बाईला विचारलं.

"केरबा टाकारी. बारा वर्सांनी येक डाव येतो बगा."

"पीठ मुंग्यांना घालतो. स्वतः काय खातो?"

"त्ये कुनाला ठावं? माझ्या आजीच्या वक्ताला बी केरबाच यायचा. आजी म्हनायची, त्यो बी मुंग्यास्नीच घालायचा." बाई हसली. "बाप-आजाचं नाव चालवीत असंल."

वज्रलेखा पुढे झाली. ती म्हाताऱ्यापुढे जाऊन बसली आणि आपल्या पदरातली भाकर सोडून तिने त्याच्यापुढे धरली.

"घ्या टाकारीबुवा."

"मागाहून खाईन."

"मी थांबते."

ती थांबली. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. सगळी जाती झाली, बायका घरी गेल्या. भाकर तशीच होती आणि ती पोरही तशीच. म्हाताऱ्याने छिन्नी झोळीत टाकली.

"कोणाची लेक तू?"

"कीर्तिसेनाची. ज्यांच्या मांड्या या वेळेपर्यंत दगड झाल्या असतील, त्यांची. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. पण ते जातं तुमच्यामुळे थांबलं, एवढं ठाऊक आहे. चला माझ्याबरोबर."

"नाही."

"पंचवीस माणसं दगड झाली, टाकारीबुवा! आणि तुम्ही गावोगाव टाकी लावत हिंडता?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत राग पाहून गावातला कोणीही मागे सरला असता. ती सरली नाही. ते पाहून त्याचा राग कुठल्या कुठे गेला. आपल्याच घरची मान आपल्यापुढे ताठ उभी आहे, हे त्याने ओळखलं.

"तीन गोष्टी आण," तो म्हणाला. "कण्हत नाही असं लोखंड आण, छिन्नी करायला. माथेवाडीच्या राशीतले मूठभर जोंधळे आण, मागून नाही, चोरून नाही, त्यांनी आपणहून दिलेले. आणि माथेवाडीचा एक माणूस राजवाड्याच्या चौकात आण, जो माझ्या तोंडावर माझं नाव घ्यायला तयार असेल. तिन्ही झालं तर मी येईन. शब्द देतो."

तिन्ही होणार नाही अशा भरवशानेच त्याने ते सांगितलं होतं.

पहिलं काम लोखंडाचं. त्या राज्यात लोखंड कण्हत असे. फार पूर्वी एका राजाने इतक्या तलवारी घडवल्या, आणि त्या इतक्या चालल्या, की पुढे राज्यातलं सगळं लोखंड त्यांचंच उरलं. त्यांचेच फाळ झाले, खिळे झाले, कड्या-कोयंडे झाले, पण भट्टीत घातलं की लोखंड कण्हू लागे. लोहार कानांत बोळे घालून काम करीत. वज्रलेखा अकरा भट्ट्या फिरली आणि अकरा ठिकाणी तिने ते कण्हणं ऐकलं. बाराव्या ठिकाणी लोहाराची बायको चुलीपाशी भाकरी भाजत होती. तिने वज्रलेखेचं म्हणणं ऐकलं आणि हातातलं उलथनं पुढे केलं.

"हे बघ चालतंय का. सासूच्या सासूच्याबी सासूचं हाय. यानं भाकरीबिगर काय उलटलं न्हाई."

लोहाराने ते भट्टीत घातलं. लाल झालं, पांढरं झालं, घणाखाली चेपलं, पण कण्हलं नाही. लोहाराने कानांतले बोळे काढले आणि पुष्कळ दिवसांनी स्वतःच्या घणाचा आवाज ऐकला. छिन्नी तयार झाली. लोहाराची बायको मात्र हातानेच भाकर उलटू लागली, तेव्हा वज्रलेखेने आपल्या बोटातली राजमुद्रेची अंगठी काढून तिथे ठेवली.

दुसरं काम माथेवाडीचं. ही वाडी राज्यातच होती, पण राज्याची नव्हती. डोंगराच्या माथ्यावर घरं, खाली उतरायच्या नऊशे पायऱ्या. तिथले लोक राजवाड्यातून काही घेत नसत आणि राजवाड्याला काही देत नसत. राजवाड्यात म्हणत, डोंगरी लोक आडमुठे असतात. यापलीकडे कोणी चौकशी केली नव्हती.

वज्रलेखा नऊशे पायऱ्या चढली. माथ्यावर खळ्यात मळणी चालली होती. खळ्याच्या काठावर धुरपाआजी बसली होती. वाडीत तिचा शब्द चाले. वय विचारलं तर ती म्हणे, "मोजायला येळ कुनाला?"

खोटं नाव सांगावं, असं वज्रलेखेच्या मनात क्षणभर आलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मी कीर्तिसेन राजाची लेक वज्रलेखा."

खळं थांबलं. बैलसुद्धा थांबले.

"मग आल्या पायऱ्यांनी उतर," धुरपाआजी म्हणाली. "राजाच्या हाताला हितं काय मिळत न्हाई."

"राजाच्या हाताला मिळत नसेल. कामाच्या हाताला?"

आजीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कामाच्या हाताला मिळतं. ती आमची रीत हाय. पर तुला झेपंल?"

झेपलं नाही. पहिल्या दिवशी हातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. उफणताना भुसा डोळ्यांत गेला, आणि पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. पण तिने सूप खाली ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. दुपारी रास लागली आणि आजीने स्वतःच्या हाताने तिच्या ओटीत जोंधळे घातले. टाकाऱ्याने मूठभर सांगितले होते, सूपभर मिळाले. वज्रलेखेला आजवर पुष्कळ नजराणे आले होते, पण ती इतकी ताठ कधी उभी राहिली नव्हती.

"आता जेवून जा," आजी म्हणाली. "खळ्यावर राबलेलं मानूस उपाशी जात न्हाई."

सगळे ओळीने बसले. भाकर, ठेचा, कांदा. प्रत्येकाने पहिला घास मोडला, बाजूला ठेवला आणि म्हटलं, "रणधवलाचा घास. इसरलो न्हाई."

वज्रलेखेचा हात थांबला. रणधवल! तिच्या घराण्याचा मूळपुरुष. दरबारात त्याची तसबीर होती. डोंगर जिंकणारा धवलकीर्ती रणधवल, म्हणून भाट त्याचं नाव रोज सकाळी घेत.

"ते आमचे पूर्वज," ती हळूच म्हणाली. "तुम्ही त्यांचं नाव का घेता?"

"तुला कुनी सांगितलं न्हाई?" आजीला खरोखर नवल वाटलं. "मग ऐक. त्येनं वर्सभर आमच्या डोंगराला येढा घातला. डोंगर काय पडंना. मग त्येनं भाकरीची आन घेतली, म्हनला, भांडान मिटलं, जेवाया या. आमची सातशे मानसं खाली उतरली. तुमच्या चौकात पंगत बसली. त्येनं सोता वाढलं, आग्रेव करकरून वाढलं. सोता जेवला न्हाई. कुनाला वंगाळ वाटलं न्हाई, कारन घरधनी पाव्हन्यांच्या मागनं जेवतो, ही समद्यांचीच रीत. पिठात बचनाग दळला व्हता, त्याच जात्यावर."

आजीने पुढ्यातली भाकर हातात घेतली.

"येकच बाई वाचली. तिचा त्या दिशी उपास व्हता. पंगतीच्या कडंला बसली व्हती, ती उठली आन् म्हनली, तुझं जातं हितंच थांबंल. तुझ्या गादीवर बसंल त्यो धोंडा व्हईल. आन् तुला मरान न्हाई, आन् घास बी न्हाई. आमच्या घरची कुनीतरी आपल्या हातानं वाढंल, तवर तुझ्या घशाखाली काय उतरायचं न्हाई." आजीने घास मोडला. "ती माझ्या आजीच्या आजीची... जाऊ दे. मोजायला येळ कुनाला?"

केरबा कोण, हे वज्रलेखेला आता कळलं. तिला वाटलं, भूमी दुभंगावी. ज्या नावावर आपण मान वर करून चाललो ते हे नाव! पण ती पंगतीतून उठली नाही. तिने घास मोडला, बाजूला ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "रणधवलाचा घास. आम्ही विसरलो होतो."

आजीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या भाकरीवर ठेचा वाढला.

जेवण झाल्यावर वज्रलेखा म्हणाली, "आजी, शाप तुमच्या हाती आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. तीनशे वर्षं तुम्ही काही बोलला नाहीत."

"तीनशे वर्सांत कुनी पायऱ्या चढून इचारलंय का?"

"मी विचारते. तो जिवंत आहे. मी त्याला चौकात आणीन. तुम्ही याल?"

"तुझ्या बापासाठी न्हाई येनार."

"नका येऊ."

"त्येचं त्वांड बगायला यीन," आजी म्हणाली आणि उठली.

पाडव्याच्या सकाळी चौक गच्च भरला. दगड राजाच्या गळ्यापर्यंत आला होता. आवाज अजून फुटत होता, पण श्वास जड झाला होता. मोठ्या दरवाजातून माथेवाडीच्या बायका आत आल्या. पुढे धुरपाआजी, पाठीमागे सात जणी, डोक्यावर तवा, पीठ मळायची काटवट आणि सरपण. राजवाड्याची काडीसुद्धा त्यांना नको होती. सरदार आपसूक बाजूला झाले. त्यांच्यामागून वज्रलेखा आली, आणि तिच्याबरोबर टाकारी.

त्याने शब्द दिला होता, म्हणून तो आला. आयुष्यात त्याने एकच शब्द मोडला होता, आणि तेवढा त्याला पुरला होता.

त्याने छिन्नी काढली, तसे राजपुरोहित आडवे आले. "देवीला टाकी? असला अधर्म या राज्यात झाला नाही!"

"पुरोहितबुवा," राजा दगडातून म्हणाला, "देवी माझ्या हनुवटीला लागली आहे. बाजूला व्हा."

टाकाऱ्याने पहिला घाव घातला. शेंदराची खपली उडाली, चांदीचे डोळे खणकन खाली पडले. घावामागून घाव. तीनशे वर्षांचा शेंदूर ढिगाने बाजूला झाला आणि आतून काळाभोर दगड दिसू लागला, चांगला, घट्ट, दळायला केलेला. छिन्नी कण्हली नाही. शेवटचा घाव घालून त्याने हात थांबवला. वज्रलेखेने खुंट्याला हात लावून पाहिला. जातं हललं नाही.

चौकात कुजबुज झाली. धुरपाआजी दोन पावलं पुढे आली.

"रणधवला," ती म्हणाली.

तीनशे वर्षांत त्या माणसाला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. त्याच्या हातातली छिन्नी पडली. तोंड फिरवून निघून जाता आलं असतं, तसा तो कित्येक गावांतून निघून गेलाच होता. तो वळला नाही. त्याने डोक्याचं मुंडासं काढलं आणि सरळ उभा राहिला.

"होय. मी रणधवल," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज सबंध चौकाला ऐकू गेला. "हा डोंगर मी जिंकला नाही. भाट खोटं गातात. मी भाकरीची शपथ घेतली, सातशे पाहुण्यांना जेवायला बसवलं आणि विष वाढलं. मरणाला मी कधी भ्यालो नाही. हे चार शब्द बोलायला भ्यालो. त्या भयापायी माझ्या घरची पंचवीस माणसं मी दगड होऊ दिली."

तेवढ्यात खुंट्यातला मुकुट सैल होऊन खाली घरंगळला. कोणी उचलला नाही. वज्रलेखा जात्यापाशी बसली आणि माथेवाडीचे जोंधळे तिने जात्याच्या तोंडात घातले. एकटीने ते ओढेना. मग समोर धुरपाआजी बसली, तिने खुंट्यावर वज्रलेखेच्या हातावर हात ठेवला आणि दोघींनी मिळून ओढलं. जातं घरघरलं, फिरलं आणि पांढरं पीठ गळू लागलं. चौकात म्हातारेकोतारे सरदार लहान मुलासारखे रडले. रडोत बापडे. तशी सकाळ पुन्हा कोणाच्या वाट्याला आली नाही.

आजीने चूल मांडली, भाकर थापली, भाजली. टोपली मध्ये ठेवली. मग मात्र कोणी हात पुढे करेना. या जात्याची मागची भाकर सातशे जणांनी खाल्ली होती, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. माथेवाडीच्या सात बायका टोपलीकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

दगड राजाच्या ओठांशी आला होता. "लेकी," तो कसाबसा म्हणाला, "पाहुण्यांना वाढ."

आपल्या रीतीप्रमाणे तेच बरोबर होतं. आधी पाहुणा, मग यजमान. वज्रलेखेने टोपलीतून भाकर उचलली, मोडली आणि पाहुण्यांच्या देखत, उभ्यानेच, पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. दरबारात हाहाकार उडाला. यजमानाची पोर पाहुण्यांआधी जेवली! ती शांतपणे चावत होती. घास गिळला, तोंड उघडून दाखवलं, आणि म्हणाली, "जातं आमचं आहे, आजी. आधी आमच्या घरचं तोंड. त्या दिवशी हे झालं असतं तर तुमची सातशे माणसं घरी गेली असती."

धुरपाआजी टोपलीपाशी आली. मग तिने टोपलीतली भाकर घेतली, अर्धी मोडली आणि ती रणधवलापुढे जाऊन उभी राहिली.

"माफी न्हाई," ती म्हणाली.

"मी मागितली नाही. मागायचं तोंड नाही मला."

"माफी द्यायचा हक ज्यास्नी व्हता, ती सातशे मानसं हितंच मेली. पर माझ्यापुढं तीनशे वर्सांचा उपाशी मानूस उभा हाय, आन् माझ्या हातात भाकर हाय. आमच्या डोंगरावर उपाशी ठेवायची रीत न्हाई. तू तुझी रीत मोडलीस म्हनून आमी आमची मोडायची का? धर."

त्याने दोन्ही हात पुढे केले. पहिला घास घशाखाली उतरला, तेव्हा त्याच्या गालांवरून पाणी वाहिलं. त्याने दुसरा घेतला, तिसरा घेतला. अर्धी भाकर संपली. तो मानी राजा, ज्याने कधी कोणापुढे हात पसरला नाही, तो खालच्या आवाजात म्हणाला, "अजून आहे का?"

"हाय की," आजी म्हणाली आणि उरलेली अर्धी त्याला वाढली, वर ठेचा घालून.

ती खाऊन तो जात्याला टेकून बसला. वज्रलेखा त्याच्यापाशी गेली.

"आजोबा," तिने हाक मारली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू माझ्यावर गेली नाहीस," तो समाधानाने म्हणाला, आणि मेला. साधा म्हातारा माणूस जेवून मरतो तसा मेला.

मागे काहीतरी तडकल्याचा आवाज झाला. राजाच्या अंगावरचा दगड कवच फुटल्यासारखा गळत होता. कीर्तिसेनाने एक पाय उचलला, मग दुसरा. वर्षभर न चाललेले पाय लटपटत होते, पण तो कोणाचा हात न धरता लेकीपर्यंत चालत आला. त्याने जमिनीवरचा मुकुट उचलला, धोतराने पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. "पहिली मूठ तू दळलीस," तो म्हणाला. एवढं बोलून तिला पोटाशी धरून तो ओक्साबोक्शी रडला, आणि राजाने रडावं की रडू नये हा प्रश्न त्या दिवशी कोणी काढला नाही. ते पंचवीस मात्र परत आले नाहीत. त्यांची वेळ गेली होती.

माथेवाडीच्या बायका तवा आणि काटवट आवरू लागल्या. कोणी त्यांना थांबा म्हणायला धजेना. धुरपाआजीने टोपलीतली उरलेली भाकर मोडून एक घास तोंडात टाकला, सहज, चालता चालता. भाकर कोरडी होती. तिला ठसका लागला. ती खोकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि इकडेतिकडे बघत ती म्हणाली,

"पानी द्या गं कुनीतरी."

सात जणी जागच्या जागी थांबल्या. दासी धावल्या, पण मुकुट घातलेली राणी सगळ्यांच्या पुढे होती. राजवाड्याच्या आडावरून तिने स्वतः तांब्या भरून आणला. आजीपुढे येऊन ती थांबली, तांब्या स्वतःच्या ओठांना लावला, एक घोट घेतला, आणि मग दोन्ही हातांनी पुढे केला.

आजी घटाघटा प्यायली. तांब्या रिकामा करून तिने परत दिला आणि म्हणाली, "ग्वाड हाय."

त्या राज्यात तेव्हापासून यजमान आधी जेवतो. परक्या मुलखातले पाहुणे हसतात, म्हणतात, काय हावरट लोक! हसू देत. तिथला गरिबातला गरीब माणूससुद्धा पहिला घास खातो, पाहुण्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो आणि मग वाढतो.

सांगणाऱ्याचा घसा ओला राहो, ऐकणाऱ्याच्या दारी पाहुणा येवो, आणि पानावर वाढलेलं सगळ्यांना पचो.